कोरड्या ओढ्यातला तंबू

आटपाडीला सहलीला कोणी जात नाही. आम्ही गेलो. मी, सुनंदा, मंजू, निनाद आणि एक जुना लष्करी तंबू. परत आल्यापासून बँकेत, गल्लीत, वाण्याच्या दुकानात जो तो विचारतो, "काय पाहिलंत हो तिकडं?" मी डाळिंबाच्या बागा सांगतो, खिल्लार बैल सांगतो, हुलग्याच्या माडग्याची चव सांगतो. यातलं खोटं काही नाही. पण जे सांगत नाही ते आत साचत चाललंय. म्हणून ही हकीकत लिहायला बसलो. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांना तो थोडा दिसेल. आणि माझ्यासारखा घाबरट बाप आणखी कुठे असेल, तर त्याने माझ्यावरून काही शिकावं.

पाटण

मी मूळचा वाईचा. बँकेत रोखपाल आहे, आणि पाटणच्या शाखेत पाच-सहा वर्षं झालीत. कोयनेच्या खोऱ्यात जमीन हलते हे आम्हाला नवीन नव्हतं. ताटातली आमटी हिंदकळली की जेवणारा माणूस क्षणभर थांबायचा आणि पुन्हा घास घ्यायचा. पण किल्लारीचा भूकंप झाला, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्याकडेही मोठे धक्के बसले. घरं तडकली, माणसं अंगणात आली. उन्हाळा सरेपर्यंत बहुतेक जण हळूहळू परत आत गेले. मी गेलो नाही.

किल्लारीला दोन वर्षं होत आली तरी आमचं घर अंगणातच होतं. घरमालकाच्या परवानगीने मी पत्र्याची शेड घातली होती. तिथे आम्ही झोपायचो. स्वयंपाक आत, पण दार सताड उघडं. आंघोळीला कडी लावायची नाही. प्रेशर कुकर मी माळ्यावर टाकायला लावला होता, कारण त्याच्या आवाजात दुसरा आवाज ऐकू येणार नाही. यंदा गणपतीसुद्धा शेडमध्ये बसले.  विसर्जनाहून येताना सुनंदा म्हणाली, "गणपती पाहुणा होता, त्याने चालवून घेतलं. घट मात्र मी देवघरात बसवणार."

तो दुसरा आवाज काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे धक्का यायच्या आधी जमिनीतून घरघर येते. भरलेला ट्रक घाट चढताना लांबून ऐकू यावा तशी. मग हलतं. त्या घरघरीत आणि हलण्यात श्वास घेण्याइतका अवधी मिळतो. मी मुलांना त्यासाठी तयार केलं होतं. मी "मोकळ्यात!" असं ओरडलो की हातातलं टाकून पळायचं. भिंतीपासून, झाडापासून, विजेच्या खांबापासून लांब, उघड्या जागेच्या मधोमध जायचं. खाली बसायचं, डोक्यावर हात घ्यायचे, धुरळा जाऊ नये म्हणून डोळे मिटायचे. आणि मी येऊन डोक्याला हात लावीपर्यंत उठायचं नाही.

शेवटचा नियम नंतर घातला. गल्लीतली पोरं चेष्टेने "उठा रे, झालं!" असं ओरडायची आणि निनाद उठायचा. मग मी बजावलं, "कुणीही हाक मारो. आई मारो, मी मारो. हात लागल्याशिवाय हलायचं नाही." कारण लोक घाबरून घरातूनच हाका मारतात आणि पोरं आत धावतात, असं मी कुठेतरी ऐकलं होतं.

मी अधूनमधून मुद्दाम ओरडून बघायचो. अभ्यास करताना, जेवताना. मंजू सहावीत, निनाद पहिलीत. दोघं इतकी तरबेज झाली की शेजारचे हणमंतराव म्हणायचे, "आमच्या पलटणीत अशी पोरं असती तर लय लवकर जिंकलो असतो बगा."

हणमंतराव हे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. तंबू त्यांचाच. तो मागायला गेलो तेव्हा ते बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत बसले.

"तंबू द्याचा म्हंजे बायकू दिल्यागत हाय, साहेब."

आतून त्यांची बायको म्हणाली, "मग बायकूच द्या. तंबू तरी ऱ्हाऊ द्या घरात, पावसाला उपेगी पडंल."

तंबू मिळाला.

सडा आणि सागरेश्वर

भाद्रपदात आम्ही दर शनिवारी कुठेतरी तंबू ठोकू लागलो. मुलांना वाटलं, बाबांना हौस आहे. मी तसं वाटू दिलं. खरं कारण एवढंच होतं की कापडाच्या छपराखाली मला झोप लागायची. छप्पर पडलं तर पांघरूण वाढेल, इतकंच.

पहिल्यांदा गेलो पाटणच्या वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारावर. पाऊस उघडीप देत होता आणि कातळावर पिवळी, जांभळी, इवलीइवली फुलं पसरली होती. मंजूने पाय कुठे ठेवू म्हणून चपला हातात घेतल्या. सुनंदाने तीन दगडांची चूल मांडली, पण लाकडं ओली. धुराने सगळ्यांचे डोळे लाल झाले आणि पिठलं एका बाजूने कच्चं, दुसऱ्या बाजूने करपलं. निनाद म्हणाला, "आई, हे दोन प्रकारचं आहे," आणि दोन्ही प्रकारचं खाऊन रात्रभर पोट धरून बसला. सुनंदा त्या दिवशी खूप हसली. मला आठवतं, कारण त्यानंतर ती फारशी हसली नाही.

पुढच्या खेपेला सागरेश्वर. देवळांबाहेरच्या माळावर मुक्काम. पहाटे धुक्यात हरणांचा कळप अगदी जवळ आला. मुलं श्वास रोखून बघत होती. एका मादीने कान टवकारले आणि सगळा कळप एका उडीत नाहीसा झाला. "बाबा, त्यांना पण कुणी मोकळ्यात म्हणालं?" निनादने विचारलं. मला तेव्हा अभिमान वाटला. 

सुनंदा तंबू आवरताना म्हणाली, "एक विचारू? आपण हरणंच झालोय का?"

मी दोऱ्या गुंडाळत राहिलो.

आटपाडी

पितृपक्षाच्या शेवटच्या दिवसांत मी रजा काढली आणि मुलांना शाळा बुडवायला लावली. सहामाही परीक्षा तोंडावर. शेजाऱ्यांनी तोंडावरच विचारलं, "पितरपाटात कुटं निघालाव?" मी म्हणालो, माणदेश बघायला. सुनंदाने एकच अट घातली. सर्वपित्रीला घरी पोचायचं, दुसऱ्या दिवशी घट आहेत.

जे मी कोणालाच सांगितलं नव्हतं ते असं. श्रावणात मी आटपाडीला बदली मागणारा अर्ज दिला होता. कोयनेपासून लांब, पूर्वेला, सपाट, कोरडा मुलूख. नकाशावर बोट ठेवून मी जागा निवडली होती, आणि सहल म्हणून कुटुंबाला ती दाखवायला नेत होतो. आवडली तर सांगायचं, असा माझा बेत. नाही आवडली तर काय, हे मी ठरवलं नव्हतं.

विटा मागे पडलं आणि डोंगर खाली बसत गेले. आमच्याकडे या दिवसांत भातखाचरं तुडुंब असतात, इथे बाजरीची कणसं करड्या जमिनीवर ताठ उभी होती आणि पोरं गोफणीने पाखरं हाकत होती. आभाळ केवढं मोठं! मेंढरांचे कळप धुळीचा पडदा ओढत चालले होते. मला वाटलं, इथे पडण्यासारखं काही नाही. मी कितीतरी दिवसांनी पाठ टेकून बसलो.

आटपाडीत उतरून चहा प्यायला गेलो. मी मुद्दाम आमच्या शाखेजवळचं हॉटेल टाळलं, तरी नशीब आडवं आलं. शाखेचा शिपाई नामदेव तिथेच बशीत चहा ओतून फुंकत बसला होता. तो पूर्वी एकदा कामानिमित्त पाटणला येऊन गेला होता. मला बघताच उठला.

"आवं, पाटणचं साहेब न्हवं तुमी? रामराम! तुमचा अर्ज आलाय म्हणं. लय चर्चा झाली आमच्यात. आटपाडीला सोताहून कोन येतं व्हय? आमचा म्यानेजर म्हणला, बाबा, ह्यो मानूस येडा तरी असंल न्हाईतर खून करून तरी येत असंल!"

आणि तो मनापासून हसला. मग सुनंदाकडे वळून म्हणाला, "वैनी, खोली बगायला आलाव जनू? माज्या चुलत्याची हाय. पानी दोन दिसाआड येतं, पर येतं."

सुनंदाने बशी खाली ठेवली. "बघू," असं शांतपणे म्हणून ती मुलांना घेऊन बाहेर पडली.

ती बोलली ते गावाबाहेर पोचल्यावर. पुढे मुलं डाळिंबाच्या कुंपणापाशी रेंगाळत होती.

"कधी केलात अर्ज?"

"श्रावणात."

"आणि मला कधी सांगणार होतात? सामान ट्रकात चढल्यावर?"

"मुलांसाठी केलं, सुनंदा. मला भीती वाटते."

"आणि मला वाटत नाही?" ती थांबली. "अहो, मलाही वाटते. मी घाबरते आणि भाकऱ्या थापते. घाबरते आणि मंजूची वेणी घालते. तुम्ही घाबरता आणि आम्हाला सगळ्यांना उचलून कुठेतरी नेऊन ठेवता." मग म्हणाली, "घट पाटणच्या घरात बसणार. नऊ दिवस दिव्याजवळ माणूस लागतं, ते मी असेन. तुम्ही मुलांना घेऊन कुठे राहायचं ते ठरवा. पण ठरवलंत की सांगा. या वेळी सांगा."

सोळा वर्षांच्या संसारात ती मला कुठेतरी एकटं सोडून देईल असं मला प्रथमच वाटलं. भूकंपाची भीती वेगळी. ही बरगड्यांच्या आत बसली.

ओढा

मुक्कामाची जागा शोधत आम्ही एका वस्तीवर पोचलो. दोन-तीन घरं, चार बाभळी, एक आड. धुरपामावशी नावाच्या म्हाताऱ्या बाई ओसरीवर हुलगे पाखडत होत्या. कोण, कुठले, कशाला, सगळं विचारून झाल्यावर त्यांनी सुनंदाला हात धरून बसवलं आणि हुलग्याचं माडगं पुढे केलं. पातळ कढीसारखं, गरम, लसणाचं, तिखट. निनादने दोनदा मागून घेतलं.

"तंबू कशापायी? आमची वसरी मोकळीच हाय. सून म्हायेराला गेलीया. झोपा की आत."

मी घराकडे पाहिलं. दगडमातीच्या जाड भिंती, आणि वर धाबं. लाकडी तुळयांवर हातभर मातीचा थर. पाटणची घरं कौलारू, कौलं पडली तर खोक पडेल. हे पडलं तर माणूस सापडणार नाही. किल्लारीच्या बातम्यांत मी हीच छपरं वाचली होती. ज्या मुलखाला मी सुरक्षित समजून आलो, तिथे घरोघरी माणसं अशा मातीखाली निवांत झोपत होती!

"नको मावशी. पोरांना तंबूची हौस आहे," मी म्हणालो.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. 

वस्तीच्या खाली ओढा होता. म्हणजे ओढ्याची जागा. पांढऱ्या वाळूचा रुंद पट्टा, दोन्हीकडे पुरुषभर उंच दरड. मी बाभळीखाली तंबू ठोकणार नव्हतो, दरडीलगतही नाही. वाळू मऊ होती, उघडी होती. तिथेच ठोकला. हणमंतरावांच्या लोखंडी मेखा वाळूत टिकेनात म्हणून एक लांब दोर दरडीतून बाहेर आलेल्या बाभळीच्या मुळाला बांधला.

"मावशी, पाणी नाही ना येत?" सुनंदाने वर बघून विचारलं.

"पानी?" मावशी हसल्या. "दोन साल झालं बाई, वडा व्हायला न्हाई. आलं तर तुज्या तोंडात साकर घालीन."

संध्याकाळी पश्चिमेला वीज चमकत होती, आवाज नव्हता. दूर कुठेतरी पाऊस पडत होता. आमच्याकडे पाऊस सांगून येतो, आधी डोंगर काळे होतात, वारा सुटतो, मग डोक्यावर कोसळतो. इथे डोक्यावर चांदणं होतं. मी समाधानाने तंबूत उशाशी तांब्यावर पेला आणि पेल्यावर वाटी रचली. घरी रचायचो तशी, दिवसाही न हलवता. जमीन हलली की ती पडते आणि माणूस जागा होतो.

रात्र छान गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं वस्तीवरच्या कुत्र्याबरोबर खेळली, दुपारी डाळिंबं खाल्ली. सुनंदा माझ्याशी कामापुरतं बोलत होती. ऊन कलताना ती ताक आणायला वर मावशींकडे गेली. मुलं दरडीच्या सावलीत वाळूचं घर बांधत होती. निनाद घराला छप्पर घालायला निघाला तेव्हा मंजू म्हणाली, "वेड्या, छप्पर नको, बाबा रागावतील."

मी थोडं पुढे, पात्रातच, जळण वेचत होतो. आभाळ निरभ्र होतं.

आणि मला घरघर ऐकू आली.

लांबून, जमिनीतून आल्यासारखी. भरलेला ट्रक घाट चढतो तशी. तंबूत वाटी पडली, मग पेला. मी विचार केला नाही. दोन वर्षं ज्या क्षणाची तयारी केली तो आला होता.

"मोकळ्यात!"

मुलांनी मला मान खाली घालायला लावली नाही. मंजूने निनादचा हात धरला, दोघं दरडीपासून पळाली, पात्राच्या अगदी मधोमध जाऊन बसली. डोक्यावर हात, डोळे मिटलेले. मीही जागच्या जागी वाकून बसलो आणि हलण्याची वाट पाहू लागलो.

हललं नाही. घरघर मात्र थांबेना. आमची थांबते, ही वाढत होती. आणि तिच्यात काटक्या मोडल्याचा आवाज होता.

"वर या! मंजू! निनाद! वर या, पाणी!"

सुनंदा दरडीवर, बाभळीखाली उभी होती. तिच्या हातातली ताकाची कासांडी खाली घरंगळत आली. मुलांनी मान वर केली नाही. आई झाडाखाली होती. आईने हाक मारली होती. आणि दोन्ही गोष्टींसाठी मीच त्यांना बजावून ठेवलं होतं.

मी वळून पाहिलं. ओढ्याच्या वळणावरून एक तपकिरी काठ सरकत येत होता. भिंतीसारखा उंच वगैरे नाही, गुडघाभरच. पुढे सुकी पानं, फेस, बाभळीच्या काटेरी फांद्या ढकलत, घाई नसल्यासारखा. त्याच्या मागचं पाणी मात्र उंच होतं.

"उठा! पळा! आईकडे पळा!" मी ओरडलो. घसा फुटेल इतका ओरडलो.

ती बसूनच राहिली.

मी धावलो. वाळूत पाय रुततात, स्वप्नात धावावं तसं होतं. मी त्यांच्यापाशी पोचलो तेव्हा पाणी पावलांना लागलं होतं. मी निनादच्या डोक्याला हात लावला. त्याने डोळे उघडले आणि इतकं छान हसला, बक्षीस मिळाल्यासारखं. त्याला काखेत मारलं, मंजूचं मनगट धरलं. दहा पावलांवर दरड होती, पण पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं, पायाखालची वाळू निसटत होती, काटे मांड्यांत घुसत होते. तंबू आमच्या शेजारून उठला, पाण्यावर फुगला आणि दोराला ताण देत उभा राहिला. त्या दोराला मी कोपर अडकवलं. सुनंदा मुळांना धरून खाली उतरली होती. एका हातात मूळ, दुसऱ्या हाताने तिने मंजूची वेणी पकडली आणि तिला अक्षरशः वेणीने वर ओढलं. मग निनादला. मग धुरपामावशींचा आणि कुणाकुणाचा हात माझ्या बखोटीला आला.

वर पोचल्यावर दोर सुटला. हणमंतरावांचा तंबू एकदा गोल फिरला आणि गेला.

आता सांगतो ते बहुधा कोणाला खरं वाटणार नाही. वस्तीवर आनंदीआनंद झाला होता. "वडा आला! वडा आला!" पोरं उड्या मारत होती. बायका हळदीकुंकवाची कोयरी, खण, नारळ घेऊन धावत आल्या आणि त्या लाल पाण्याची ओटी भरू लागल्या. धुरपामावशी खरोखरच साखर घेऊन आल्या, आणि सुनंदाकडे येताना मध्येच थांबल्या. त्यांना तिचे काट्यांनी फाटलेले हात दिसले.

"माजी बाई," त्या म्हणाल्या. "मी येडी. वर पाऊस झाला की हितं उन्हात बी वडा येतो, तुला सांगितलं न्हाई."

"तुम्हाला तरी काय माहीत, मावशी," सुनंदा म्हणाली. मग ती उठली, ओल्या लुगड्यानिशी दरडीच्या कडेपर्यंत गेली, एका बाईच्या कोयरीतून चिमूट घेतली आणि पाण्याला हळदकुंकू वाहिलं. जे पाणी आत्ता तिची मुलं नेत होतं त्याला. तिच्या मनात काय होतं ते मी आजवर विचारलेलं नाही.

निनाद दरडीवर पुन्हा डोक्यावर हात घेऊन बसला होता. "बाबा, आता उठू का?"

मंजू त्याच्या शेजारी कुडकुडत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी डोळे उघडले होते. मला पाणी दिसलं होतं."

"मग उठली का नाहीस, बाळा?"

"तुम्ही हात लावला नव्हता."

 

त्या रात्री आम्ही मावशींच्या धाब्याखाली झोपलो, दुसरीकडे जागा नव्हती. मुलं टेकल्याबरोबर झोपली. मी तुळयांकडे बघत पडलो होतो. माती वर होती, पाणी खाली वाजत होतं, आणि मला कळत होतं की या दोन्हींपेक्षा आज मुलांना जास्त धोका माझ्या आवाजाचा होता.

परत पाटण

सकाळी मी शाखेत जाऊन बदली नको असल्याचं लिहून दिलं. नामदेव म्हणाला, "आँ? एका पान्यात भ्यालाव?"

"हो," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा मी हे असं सरळ कबूल केलं असेल.

सुनंदा एस.टी.त म्हणाली, "गाव वाईट नाही. मावशी तर फारच चांगल्या. कधी वाटलं तर येऊ राहायला. पण मला विचारून."

हणमंतरावांना तंबूचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवला. आतून बायको म्हणाली, "आता तरी मलाच संबाळा म्हनावं," आणि आम्ही सगळेच हसलो. मंजू मात्र हणमंतरावांच्या हाताखाली दचकली होती. ते फक्त मी पाहिलं.

त्याच संध्याकाळी मी मुलांना समोर बसवून नियम मोडून टाकला. म्हणालो, डोळे उघडे ठेवायचे. दिसेल तसं वागायचं. माझी हाक चुकू शकते. निनादने लगेच मान हलवली. मंजूने विचारलं, "आणि चुकली हे कसं कळायचं?" मी म्हणालो, आईकडे बघ. 

घट देवघरात बसले. निनादच्या चड्डीच्या खिशात ओढ्याचा गाळ वाळून घट्ट झाला होता. सुनंदाने तो चुरून घटाच्या मातीत मिसळला आणि वर धान्य पेरलं. चौथ्या माळेला कोंब बोटभर झाले होते. त्या दिवशी तिन्हीसांजेला आरती झाली, मुलं प्रसाद खात होती, मी नेहमीप्रमाणे उंबऱ्यात, अर्धा आत अर्धा बाहेर उभा होतो.

घरघर आली. या वेळी आपलीच, ओळखीची.

माझं तोंड उघडलं. मुलांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. दोघांनी आधी आईकडे पाहिलं. तिने मान हलवली, तेव्हा मंजू निनादला घेऊन माझ्या शेजारून अंगणात गेली. पळत नाही, भराभर चालत, डोळे उघडे ठेवून. मला बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं, दोन्ही एकदम.

मग हललं. फार नाही. फडताळातली भांडी वाजली, दिव्याची ज्योत आडवी झाली. सुनंदा उठली नाही. अखंड दिवा सोडून ती उठणार नव्हती, हे मला माहीत होतं. तिने ज्योतीभोवती दोन्ही तळवे धरले होते. मागे अंगण होतं, चांगलं मोकळं. मी घाबरलो नव्हतो असं लिहिलं तर ते खोटं होईल.  मी उंबरा ओलांडून आत गेलो आणि तिच्या शेजारी बसलो.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "तेल घाला."

मी तेलाची पळी उचलली. समईत थोडं पडलं, बरंच पाटावर सांडलं.

"अजून हलतंय का हो?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "तो माझा हात आहे."